पाणी उडते, मीठ उरते!
खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयाची रोजची तहान कशी भागवावी?

प्रतिनिधी

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची लहानशी टाकी, तळाशी वाळू, दोन-चार खडक आणि त्यांच्या आडून डोकावणारी केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची क्लाउनफिशची जोडी. खाऱ्या पाण्याच्या अशा मत्स्यालयाचे पहिले चार दिवस कौतुकात जातात. मग कोणाच्या तरी लक्षात येते, की पाण्याची पातळी बोटभर खाली गेली आहे. टाकी गळते आहे का, म्हणून खालचे टेबल चाचपून पाहिले जाते. ते तर कोरडे ठणठणीत असते. अखेर घरातील कोणीतरी समुद्री मीठ कालवलेले पाणी ओतून टाकी पुन्हा भरतो आणि निश्चिंत होतो.

नेमकी इथेच चूक होते. आठवडाभराने पुन्हा तेच, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग एके दिवशी कोळंबी मरून पडते, मासे खाणे सोडतात आणि दोष दुकानदाराच्या माथी मारला जातो. खरा दोष असतो तो चुकीच्या पाण्याचा.

टाकीतील पाणी वाफ होऊन उडून गेलेले असते आणि वाफेबरोबर मीठ जात नाही. भाईंदर, वसई, उरण येथील मिठागरे याच तत्त्वावर चालत आली आहेत. उथळ जागेत समुद्राचे पाणी घ्यायचे, उन्हावाऱ्याने ते उडू द्यायचे आणि मागे उरलेले मीठ गोळा करायचे. घरातील खाऱ्या टाकीकडे दुर्लक्ष झाले, तर तिचेही हळूहळू मिठागर होऊ लागते.

मिठाचा हिशेब

समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. समजा, टाकीत ४० लिटर पाणी आहे. म्हणजे त्यात १४०० ग्रॅम क्षार झाले. दररोज एक लिटर पाणी उडाले आणि आठवडाभर कोणी पाहिले नाही, तर ३३ लिटर पाणी उरेल. क्षार मात्र १४०० ग्रॅमच राहतील. हे प्रमाण लिटरला सुमारे ४२ ग्रॅम होते. आता ही तूट खाऱ्या पाण्याने भरून काढली, तर टाकीत आणखी २४५ ग्रॅम क्षार पडतात. पातळी पूर्ववत दिसते. पण खारेपणा लिटरला ४१ ग्रॅमच्या आसपासच राहतो आणि पुढच्या आठवड्यात त्यावर नवी भर पडते.

मोठ्या टाकीत एवढा फरक पडायला बराच काळ लागतो. लहान टाकीत तो पाहता पाहता पडतो. खडक आणि वाळू यांनी जागा व्यापलेली असल्याने प्रत्यक्षातील पाणी टाकीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमीच असते, हेही विसरून चालत नाही. लहान मत्स्यालय सांभाळायला सोपे, हा समज म्हणूनच फसवा आहे.

माशाच्या शरीरातील द्रवाचा खारेपणा समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश असतो. त्यामुळे त्याच्या अंगातील पाणी सतत बाहेर ओढले जाते. ही तूट भरून काढण्यासाठी मासा समुद्राचे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. बाहेरचा खारेपणा वाढला, की त्याचे हे श्रमही वाढतात. कोळंबी, तारामासा, समुद्रफूल यांसारख्या अपृष्ठवंशी जीवांना तर एवढेही साधत नाही. भोवतालचे पाणी बदलले, की त्यांच्या पेशींतील पाण्याचा तोल थेट ढळतो. म्हणून टाकीत पहिला बळी बहुधा त्यांचाच जातो. (दगडी प्रवाळ व समुद्रघोडे यांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते घरच्या टाकीत आणू नयेत.)

गोडे पाणी, पण कोणते?

उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणीच घालायला हवे. मात्र नळाचे पाणी थेट ओतणे योग्य नव्हे. त्यातील क्लोरिन रात्रभर भांडे उघडे ठेवल्याने बराचसा निघून जातो. परंतु विरघळलेले क्षार, नायट्रेट, फॉस्फेट किंवा तांब्याचे अंश कोठेही जात नाहीत. मिठाप्रमाणे तेही टाकीत साठत राहतात. कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार असतील आणि रोज एक लिटर भर पडत असेल, तर वर्षभरात सुमारे ११० ग्रॅम नको असलेले पदार्थ त्या ४० लिटरमध्ये जमा होतात. फॉस्फेट आणि नायट्रेटमुळे शेवाळ माजते. तांबे तर कोळंबी व गोगलगायींना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते.

यावर उपाय म्हणजे आरओचे पाणी. येथेही एक मेख आहे. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून घरगुती आरओ यंत्रांपैकी अनेकांत मुद्दाम काही क्षार राखले किंवा मिसळले जातात. पाण्यातील क्षार मोजणारा लहानसा टीडीएस मीटर बाजारात मिळतो. त्याचा आकडा शून्याच्या जवळ असेल, तरच ते पाणी टाकीसाठी उत्तम. तसा नसल्यास आरओनंतर डीआय रेझिनचे नळकांडे जोडता येते. आरओतून वाया जाणारे पाणी फरशी पुसण्यासाठी किंवा स्वच्छतागृहासाठी वापरता येईल. एसीतून ठिबकणारे पाणी ‘शुद्ध’ म्हणून वापरण्याचा मोह मात्र टाळावा. ते तांब्याच्या नळ्यांवरून आणि धुळीवरून वाहत आलेले असते.

रोज थोडे, ठरल्या वेळी

टाकी योग्य पातळीला असताना काचेवर बाहेरून एक रेघ ओढावी. टाकीखाली पाण्याचा वेगळा कप्पा, म्हणजे ‘संप’ असेल, तर वरची पातळी कायम राहते आणि घट फक्त पंपाच्या कप्प्यात दिसते. अशा वेळी रेघ तेथे हवी. रोज ठरल्या वेळी त्या रेघेपर्यंत पाणी घालावे. आठवड्याचे पाणी एकदम ओतल्यास खारेपणा झटक्यात उतरतो आणि हा झटका चढलेल्या खारेपणाइतकाच त्रासदायक ठरतो. पाणी सावकाश, प्रवाह जोरात असलेल्या जागी सोडावे; समुद्रफुलावर थेट ओतू नये.

किती पाणी उडते, हे काढणे सोपे आहे. टाकीची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये घ्यावी, त्यांचा गुणाकार पातळीतील घटीने गुणावा आणि १००० ने भागावे. ४५ बाय ३० सेंटिमीटरच्या टाकीत पातळी पाऊण सेंटिमीटर उतरली, म्हणजे एक लिटर पाणी गेले.

हा आकडा वर्षभर सारखा राहत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पुण्या-नागपुरात तो वाढतो, तर मुंबईच्या जुलैतील दमट हवेत घटतो. एसीच्या खोलीतील हवा कोरडी असल्याने तेथेही पाणी अधिक उडते. उन्हाळ्यात टाकी थंड ठेवण्यासाठी पाण्यावर लहान पंखा लावतात, तेव्हा तर घट झपाट्याने होते. मात्र ती घट म्हणजेच थंडावा आहे. माठातील पाणी याच कारणाने गार होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढली जाते. पंखा हवा असेल, तर पाण्याची भर वाढवण्याची तयारी हवीच. काचेच्या झाकणाने बाष्पीभवन रोखता येते. पण उष्णता कोंडते आणि हवेची देवाणघेवाण मंदावते. म्हणून झाकणाला फट ठेवावी.

यंत्राच्या भरवशावर

ज्यांना रोज वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी आपोआप पाणी भरणारी यंत्रणा असते. गच्चीवरील टाकीतील फ्लोट व्हॉल्व्हचीच ती धाकटी बहीण म्हणावी. पातळी उतरली, की सेन्सर पंप सुरू करतो. पण फ्लोटमध्ये गोगलगाय अडकली किंवा सेन्सरवर शेवाळ चढले, तर पंप थांबतच नाही. यासाठी राखीव पाण्याचे भांडे लहान ठेवावे. पाच लिटरचे भांडे ४० लिटरच्या टाकीत पूर्ण रिकामे झाले, तरी खारेपणा ३१ ग्रॅमपर्यंतच उतरेल. भांडे वीस लिटरचे असेल, तर मासे आणि फरशी दोन्ही धोक्यात! पंपाच्या नळीचे तोंड पाण्याच्या वर ठेवावे; अन्यथा पंप बंद झाल्यावरही पाणी आपसूक ओढले जाते.

गणपतीला किंवा दिवाळीत गावी जाताना शेजाऱ्यांना ‘जरा पाणी बघा’ एवढेच सांगून निघू नये. दिवसाच्या भरीइतक्या पाण्याच्या बाटल्या भरून, प्रत्येकीवर वार लिहून ठेवाव्यात. रोज एक बाटली, याहून सोपी सूचना नाही.

खारेपणा आधीच चढला असेल, तर घाई करू नये. सापेक्ष घनता दिवसाला ०.००१ पेक्षा अधिक उतरवू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे ४२ ग्रॅमवरून ३५ वर येण्यास पाच-सहा दिवस द्यावेत. रोजच्या भरीखेरीज एक-सव्वा लिटर गोडे पाणी एवढे त्यासाठी पुरे.

हे लक्षात ठेवा

* वाफ होऊन गेले, तर गोडे पाणी. आपण उपसून काढले, तर खारे पाणी.
* पाणी बदलण्यापूर्वी आधी गोड्या पाण्याने पातळी रेघेवर आणावी, मगच उपसा करावा.
* काठावर साचलेले मीठ आणि प्रोटीन स्किमरमधून जाणारे पाणी यांमुळे खारेपणा हळूहळू घटूही शकतो. म्हणून आठवड्यातून एकदा मोजमाप आवश्यक.
* मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर वापरावा आणि तो ३५ ग्रॅमच्या प्रमाणित द्रावणाने तपासून घ्यावा. काट्याच्या हायड्रोमीटरला बुडबुडा चिकटला, तरी आकडा चुकतो.
* पातळी फार उतरू देऊ नये. पाण्याबाहेर उघडा पडलेला हीटर तडकू शकतो.