उसाची ट्रॉली आणि ‘उलाळ’

गळिताचा हंगाम सुरू झाला कीं, सोनईच्या मुळा सहकारी साखर कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. भार मागें गेला तर गाडी उलाळ होते, पुढें आला तर धुरजड, हें बैलगाडी हांकणारा जाणत असे. ट्रॅक्टरासहि तोच न्याय लागू आहे. मागें अधिक ऊंस रचल्यास ट्रॉलीची दांडी वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते, आणि उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरास ढकलूं लागते. वेग दुप्पट केल्यास ब्रेक दाबल्यावर थांबण्यास अंतर चौपट लागतें. त्यांत पुष्कळ ट्रॉल्यांस स्वतःचा ब्रेकच नसतो!

गेल्या पौषांत अंधारांत उभी असलेली अशी एक ट्रॉली सायकलवरील माझ्या नातवास अगदीं जवळ जाईपर्यंत दिसली नाहीं. मागील फळीवर तांबडी चकाकणारी पट्टी लावावयास असा कितीसा खर्च येतो?