पिंपळ लावा, पण ऑक्सिजनसाठी नव्हे

रुग्णालयाच्या आवारात बाग करायची ठरली, की बैठकीतलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘पिंपळ लावा, तो चोवीस तास ऑक्सिजन देतो.’ मग कुणीतरी तुळस सुचवतं, कारण तेच. सोलापुरात हे मी शाळांत, दवाखान्यांत, वृक्षारोपणाच्या मांडवात इतक्यांदा ऐकलं आहे, की आता गप्प बसवत नाही. २०२१ च्या कोरोना लाटेत उत्तर प्रदेशात दम लागलेली माणसं पिंपळाखाली येऊन पडल्याच्या बातम्या आल्या होत्या. गैरसमज तिथवर पोचला, की तो निरुपद्रवी राहत नाही.

आधी रात्रीची गोष्ट. झाड ऑक्सिजन सोडतं ते प्रकाशसंश्लेषणातून, आणि त्याला प्रकाश लागतो. अंधारात झाड आपल्यासारखंच श्वसन करतं. निवडुंग, कोरफड अशा काही वनस्पती पाणी वाचवण्यासाठी पानांची छिद्रं रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात. या खऱ्या गोष्टीचाच पुढे ‘रात्री ऑक्सिजन’ झाला. साठवलेल्या वायूचं अन्न मात्र उजाडल्यावरच तयार होतं, आणि ऑक्सिजनही तेव्हाच सुटतो. पिंपळ असो की तुळस, सूर्य मावळल्यावर कारखाना बंद.

आता दिवसाची गोष्ट. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो; पिंपळाखाली तेवढाच आणि एसटी स्टँडवरही जवळपास तेवढाच. झाडाने सोडलेला ऑक्सिजन वाऱ्याबरोबर लगेच पसरतो. दम लागलेल्या रुग्णाच्या भोवती ऑक्सिजन कमी नसतो. त्याची फुप्फुसं तो रक्तात पोचवू शकत नाहीत. अशा रुग्णाला मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन लागला, तर दिवसाचे १४,४०० लिटर होतात, म्हणजे सात घनमीटरच्या दोन जंबो सिलिंडरांहून थोडा जास्तच. हे काम बागेचं नाही. डेव्हिड नोवाक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या शहरी झाडांचा हिशेब मांडला. त्यांचा निष्कर्ष असा, की वातावरणात ऑक्सिजनचा साठाच एवढा प्रचंड आहे, की झाडांच्या फायद्यांत ऑक्सिजन हा नगण्य फायदा ठरतो. हे झाडांवर प्रेम करणाऱ्या, झाडांवरच काम करणाऱ्या लोकांनी लिहिलं आहे.

‘मग झाडं लावायचीच कशाला?’ हा प्रश्न लगेच येतो, आणि मला खरा राग याचाच येतो. ऑक्सिजनच्या गोष्टीने झाडाची खरी कामं झाकून टाकली आहेत. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. अशा वेळी झाडाची सावली आणि पानांतून होणारं बाष्पीभवन आवाराचा ताप उतरवतं. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, जिल्ह्यातून येतात तसे धाराशिवहून आणि कर्नाटकातूनही रुग्ण येतात. अशा मोठ्या रुग्णालयात खाटेजवळ एखाद्यालाच थांबता येतं. बाकीचे नातेवाईक पथारी टाकून, डबा उघडून बाहेर बसतात. त्यांच्यासाठी सावली हाच उपचार आहे.

रुग्णाचं काय? रॉजर अल्रिच यांचा १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास इथे पाहावा. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, पहिल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास छोटा आहे, त्यावरून चमत्कार सांगू नये. पण हिरवाईने ताण आणि वेदना हलक्या होतात, हे नंतरच्या संशोधनातूनही दिसत आलं आहे. बाग जंतू मारत नाही. घाबरलेल्या माणसाला थोडं स्थिर करते. आजारपणात हे थोडं नसतं.

दुसरा गैरसमज औषधी बागेचा. रुग्णालयांची स्वच्छता आणि निगा पाहणाऱ्या केंद्राच्या ‘कायाकल्प’ योजनेमुळे (२०१५) अनेक आवारांत वनौषधींचे वाफे आले, हे चांगलंच झालं. पण पाटी वाचून पाला तोडायचा, ही सवय घातक आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. वाद कुणीही जिंको, आपल्यासाठी धडा एकच, कुंपणावरची वेल उकळून पिऊ नये. नक्षत्रवनाचंही, म्हणजे प्रत्येक नक्षत्राचं झाड लावलेल्या बागेचंही, तसंच. त्यातलं पहिलं, अश्विनी नक्षत्राचं झाड कुचला. त्याच्या बियांत स्ट्रिक्नीन हे जहाल विष असतं, आणि आयुर्वेदही शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केल्याशिवाय त्या बिया वापरत नाही. शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थांना वनौषधी उद्यान लागतं ते द्रव्यगुण शिकवायला, वनस्पती अचूक ओळखता याव्यात म्हणून. पाटीवर उपयोगाबरोबर ‘तोडू नका’ हेही लिहावं. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘खोलीतली कुंडी रात्री प्राणवायू खाते.’ कुंडीपेक्षा भेटायला आलेला एक पाहुणा कितीतरी जास्त खातो. अतिदक्षता विभागात कुंडी ठेवत नाहीत ती ओल्या मातीतल्या जंतूंमुळे.

‘नासाने सांगितलंय, कुंड्या हवा शुद्ध करतात.’ १९८९ चे ते प्रयोग बंद पेटीतले होते. २०१९ च्या आढाव्यानुसार नेहमीच्या वायुविजनाची बरोबरी करायला चौरस मीटरमागे १० ते १,००० झाडं लागतील.

‘गवती चहा लावला की डास येत नाहीत.’ नुसता लावून काही होत नाही. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो; ती ताटली आधी रिकामी करा.

‘गोट्यांच्या ॲक्युप्रेशर ट्रॅकवर अनवाणी चालावं.’ मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी मुळीच नाही. जखम झाल्याचं कळतही नाही, आणि ती चिघळते.

‘फुललेलं झाड म्हणजे सुरक्षित झाड.’ कण्हेर आणि बिट्टी हृदयावर परिणाम करणारी विषारी झाडं आहेत. मुलांच्या वॉर्डाजवळ नकोतच.

‘हिरवळ म्हणजे बाग.’ नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात लॉन हा उधळेपणा आहे. कडुलिंब, करंज, बहावा एकदा रुजले की थोड्या पाण्यावर तगतात.

आणि पिंपळ? जरूर लावा. फक्त इमारतीपासून दूर, कारण त्याची मुळं भिंती फोडतात. भोवती टेकायला सोयीचा पार बांधा, तिथवर व्हीलचेअर जाईल अशी सपाट, रुंद वाट करा, शेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ द्या. ऑपरेशन थिएटरच्या दारातून बाहेर येऊन कुणीतरी तिथे दोन तास बसणार आहे. जागा निवडताना त्या माणसाचा विचार करा.