सीमेवरचा जवान, गेटवरचा रक्षक: कायदा कोणाचा?

सीमा सुरक्षा दल (बीएसएफ): स्थापना १ डिसेंबर १९६५. कायदा १९६८चा, संसदेचा. संघराज्याची सशस्त्र दले केंद्र सूचीत येतात. म्हणून भरतीचे नियम राज्य ठरवत नाही. जवानाला परवाना नसतो, नेमणूक असते.

शिपाई भरती: कर्मचारी निवड आयोगामार्फत. दहावी पास, वय १८ ते २३ (राखीव प्रवर्गांना सवलत). पुरुषांना उंची १७० सेंमी, मराठा उमेदवारांना १६५ चालते. २०२४पासून पेपर मराठीतही. मुरुडच्या पोरांना हे ठाऊक असलेलं बरं.

जवळची केंद्रं: मुरुड ज्या लातूर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात चाकूरला बीएसएफचं प्रशिक्षण केंद्र. सीमा मात्र शेकडो कोस दूर. नांदेडच्या मुदखेडचं केंद्र सीआरपीएफचं. दोन्हींत गल्लत होते.

परवाना लागतो तो इथे: खासगी सुरक्षा एजन्सीला. केंद्राचा कायदा २००५चा, परवाना राज्य देतं. मुदत ५ वर्षं. विनापरवाना धंदा केल्यास १ वर्षापर्यंत कैद, २५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना एजन्सीचा, रक्षकाचा नव्हे.

महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा: खासगी सुरक्षा रक्षकांची नोकरी व कल्याण, १९८१. सुरक्षा रक्षक मंडळं त्यातूनच आली.