कमजोर संघ कप कसा जिंकतो?

आजचा विषय फुटबॉलचा आहे. पण तो समजायला फुटबॉल खेळता आलाच पाहिजे असं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत कबड्डीचे सामने आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, तेवढं पुरे. प्रश्न साधा आहे. तगडा आणि कमजोर संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले आणि कमजोर संघ जिंकला, तर ते नुसतं नशीब, की त्यामागे काही कारण असतं?

आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. सुरुवातीची कित्येक वर्षं हा कप गोऱ्या पलटणींकडेच जात असे. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीत पोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्याला ४-१ असं हरवलं. भारतीय संघाने हा कप पहिल्यांदा जिंकला तो १९३७ साली. त्या वर्षी अंतिम सामन्यातले दोन्ही संघ भारतीय होते. एकीकडे कलकत्त्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग. १९३४ पासून सलग चार वर्षं त्याने कलकत्ता लीग जिंकली होती. दुसरीकडे बंगलोर मुस्लिम्स. पारडं कुणाचं जड होतं, हे सांगायला नको. निकाल लागला १-०, आणि कप गेला बंगलोरला.

एकच गोल. खरी गोष्ट इथेच आहे. फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात, त्यामुळे एका गोलाचं वजन फार मोठं असतं.

थोडं गणित करू. समजा, तगडा संघ सामन्याला सरासरी २ गोल करतो आणि कमजोर संघ १. म्हणजे ताकद सरळ दुप्पट. असे शंभर सामने खेळवले, तर संभाव्यतेच्या हिशोबाने तगडा संघ साधारण ६१ जिंकेल, २१ बरोबरीत सुटतील आणि कमजोर संघ १८ जिंकेल. बरोबरीनंतर पेनल्टीवर निकाल लावला आणि तिथे दोघांना समान संधी धरली, तर कमजोर संघाच्या वाट्याला सुमारे २९ सामने येतात. ताकद निम्मी, तरी शंभरात २९!

आता तो संघ बचावाला चिकटून खेळला आणि दोन्हीकडचे गोल निम्म्यावर आले, म्हणजे सरासरी १ आणि अर्धा, तर काय होईल? प्रमाण तेच राहिलं, पण २९ चे जवळजवळ ३६ होतात. कमजोर संघ दहा जण मागे ठेवून खेळतो तेव्हा लोक त्याला रडीचा डाव म्हणतात. हिशोबाने बघाल, तर तो शहाणपणाचा डाव आहे.

उलट करून बघा. प्रमाण दुपटीचंच ठेवा, पण कबड्डीसारखे ४० आणि २० गुण होतात असं धरा. गुण एकेक करून पडत असतील, तर कमजोर संघाची संधी शंभरात एकाच्याही खाली जाते. जितके जास्त गुण, तितका नशिबाचा वाटा कमी. लीगचंही तसंच. अनेक सामन्यांची बेरीज झाली की खरी ताकद वर येते.

मग बंगलोर मुस्लिम्स नशीबवान होता की चांगला? १९३७ च्या एका निकालावरून ते ठरवता आलं नसतं. १९३८ मध्ये त्याने पुन्हा कप जिंकला, तेव्हा उत्तर दिसू लागलं. १९४० मध्ये हेच दोन संघ पुन्हा अंतिम फेरीत भेटले. निकाल पुन्हा १-०, पण या वेळी कप मोहम्मडनचा!

हे सगळं इथे सांगायचं कारण आहे. एका सामन्यात बरंचसं नशीब असतं, हे कप स्पर्धेत कमजोराच्या फायद्याचं असतं. पण खेळाडूंची निवड करताना तीच गोष्ट उलटी फिरते. भामरागडची किंवा सिरोंचाची मुलगी रात्रभर प्रवास करून जिल्ह्याच्या निवड चाचणीला येते. तिला अर्धा तास खेळवतात आणि ठरवून टाकतात. अर्ध्या तासात ताकद दिसत नाही, तो दिवस दिसतो. शहरातल्या मुलीचा एक दिवस वाया गेला, तर तिला पुढच्या महिन्यात दुसरी चाचणी मिळते. हिला बहुधा मिळत नाही.

२०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. त्यांना एका दिवसात निवडलं नव्हतं. टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण झालं, आणि त्यातून ते पुढे गेले.

म्हणून शाळांच्या आणि क्रीडा मंडळांच्या लोकांना माझं एवढंच सांगणं आहे. कप एका सामन्यात ठरू द्या, त्यातच मजा आहे. पण मूल निवडायचं असेल, तर त्याला किमान तीनदा, वेगवेगळ्या दिवशी खेळताना बघा. आणि शक्य असेल तर त्याच्या गावाजवळ जाऊन बघा.