एक गोष्ट, दोन भाषा : उर्दू शाळेतल्या मुलांचे मराठी वाचन

उर्दू माध्यमाची बरीच मुले मराठी बोलतात, पण वाचायची वेळ आली की अडतात. लिपी वेगळी, वाचण्याची दिशाही उलटी. गावात उर्दू हायस्कूल नसेल तर पुढे मराठी शाळेत जावे लागते आणि तिथे हेच भारी पडते.

अशा मुलांसाठी आम्हा शिक्षकांना 'स्टोरीविव्हर' ही वेबसाइट कामाची वाटते. 'प्रथम बुक्स'ने ती २०१५ मध्ये सुरू केली. तिथे चित्रांच्या गोष्टी उर्दूतही आहेत, मराठीतही, आणि मोफत.

वापरायचे कसे? आधी भाषा निवडा, मग पातळी. पातळ्या चार आहेत. इयत्ता बघू नका. चौथीतल्या मुलानेही मराठी पहिल्या पातळीपासून सुरू करायला हरकत नाही. दोन्ही भाषांत असलेली गोष्ट शोधा. आधी ती उर्दूत वाचा, मग मराठीत. चित्रे तीच, मतलब ठाऊक. त्यामुळे मुलाचे लक्ष अक्षरांवर राहते.

घरात एकच मोबाइल असेल तर गोष्ट डाउनलोड करून ठेवा, मग वाचताना नेट लागत नाही. पण मोबाइल हातात देऊन उठू नका. अम्मी-अब्बूंपैकी कुणीतरी दहा मिनिटे शेजारी बसावे. मराठी येत नसली तरी चालेल. ऐकणारे कुणी असले की मूल मोठ्याने वाचते.