कुंपण आहे तिथेच हद्द असते?

मागच्या अंगणात सॉना बसवायचाय? लाकूड, हीटर, बजेट हे सगळं नंतर. आधी मोजपट्टी काढा!

रील तुम्हीही पाहिलं असेलच. बर्फ पडलाय. घरामागच्या अंगणात आडव्या लाकडी पिंपासारखी एक छोटी खोली. काचेच्या दारातून पिवळा उजेड येतोय. आतून घामाघूम झालेलं कुणीतरी बाहेर येतं आणि थेट गार पाण्याच्या टबात उडी मारतं. खाली लाइक्सचा पाऊस.

हे पिंप म्हणजे बॅरल सॉना. रीलमध्ये सगळं दिसतं, फक्त ते पिंप शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती फुटांवर ठेवलंय ते दिसत नाही. आणि अमेरिकेत अंगणात सॉना बसवणाऱ्यांची गाडी अडते ती नेमकी तिथेच.

मला हे कळायचं कारण माझा मावसभाऊ. दादा आणि वहिनी न्यू जर्सीत राहतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी घर घेतलं, मागे छान अंगण. गेल्या हिवाळ्यात वहिनीच्या पाठदुखीचं निमित्त झालं आणि दादाने किट मागवलं. लाकडी फळ्या, त्या आवळायचे लोखंडी पट्टे, बाकं, विजेवरचा हीटर, सगळं खोक्यांत भरून दारात. ‘आपलं अंगण, आपलं पिंप, कोण काय बोलणार?’ हे त्याचं व्हिडिओ कॉलवरचं वाक्य. मागच्या कोपऱ्यात, दोन्ही कुंपणांपासून तीन-तीन फूट सोडून त्याने खडीचा चौथरा केला. त्यात दोन शनिवार गेले.

तिसऱ्या शनिवारी शेजारचे आजोबा आले. चिडून वगैरे नाही. हातात एक कागद होता. म्हणाले, तुझं कुंपण माझ्या जागेत आहे, तुला माहितीये का?

दादाला वाटलं, म्हातारा भांडण उकरून काढतोय. गावाकडे आमच्या आजोबांचा बांधावरून चुलतभावाशी कित्येक वर्षं अबोला होता, त्यामुळे हा संशय आमच्या घरात जरा लवकरच येतो. रात्री त्याने घरखरेदीच्या कागदांचा गठ्ठा काढला. त्यात सर्व्हेचा नकाशा होता, तीन वर्षांत एकदाही न उघडलेला. आजोबांचं बरोबर होतं! आधीच्या मालकाने बाजूचं कुंपण दोन फूट पलीकडे ठोकलं होतं. म्हणजे दादाचा चौथरा खऱ्या हद्दीपासून जेमतेम एक फुटावर होता.

कुंपण कुणीही, सोयीने, झाड चुकवून कुठेही घालतं. हद्द असते ती खरेदीखतात आणि नकाशात. प्लॉटच्या कोपऱ्यांवर बऱ्याचदा लोखंडी खुंट्या पुरलेल्या असतात. वर माती-गवत साचलं की सर्व्हेअर त्या मेटल डिटेक्टरने शोधतात. आपल्याकडे मोजणी आणतात, तसंच ते.

बरं, हद्द सापडली म्हणून काम संपत नाही. हद्दीच्या आतही ठरावीक पट्टा मोकळा सोडावा लागतो. तिकडे त्याला सेटबॅक म्हणतात, आपल्याकडे सामासिक अंतर. ते किती, हे प्रत्येक गावाचं झोनिंग ठरवतं. शेजारशेजारच्या दोन गावांतही आकडे वेगळे असू शकतात, म्हणून कुणाच्या व्हिडिओवर विसंबून खड्डा खणू नका. दादाच्या टाउनशिपमध्ये अशा जोडबांधकामाला बाजूने पाच फूट सोडायचे होते.

इथे बहुतेक लोक फसतात. अमेरिकेत घरांसाठी जी आदर्श संहिता आहे (नाव ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शिअल कोड’, वापर मुख्यतः अमेरिकेतच!), तिच्यात घरापासून सुट्या, एकमजली, २०० चौरस फुटांपर्यंतच्या छोट्या बांधकामाला बिल्डिंग परमिटमधून सूट आहे. काही ठिकाणी ही मर्यादा १२० चौरस फूट आहे. बॅरल सॉना त्यात आरामात बसतो. लोक ‘परमिट लागत नाही’ एवढंच वाचतात आणि कामाला लागतात. पण बिल्डिंग परमिट वेगळं, झोनिंग वेगळं आणि विजेचं परमिट आणखी वेगळं. सॉनाचा हीटर २४० व्होल्टवर चालतो, त्याला स्वतंत्र लाइन लागते. तिचं परमिट लागतंच.

हा छळवाद कशासाठी? मीही दादाला हेच विचारलं. उत्तर एका शब्दात: आग. आत ८०-९० अंश तापमान, तापलेले दगड, चारी बाजूंनी सुकं लाकूड. त्याच संहितेत घरांसाठी साधारण हिशोब असा की, हद्दीपासून पाच फुटांच्या आत भिंत येत असेल तर ती तासभर आग थोपवेल अशी हवी. लाकडी पिंपाकडून ही अपेक्षा कशी करणार? त्यापेक्षा ते लांब ठेवलेलं बरं.

फिनलंडमध्ये हे शहाणपण कायद्याच्या कितीतरी आधीचं. पन्नास-पंचावन्न लाख लोकांच्या त्या देशात तीसेक लाख सॉना आहेत. जुने धुरी सॉना मुद्दाम घरापासून दूर, शक्यतो तळ्याकाठी बांधायचे. पेटलाच तर घर वाचावं आणि पाणी हाताशी असावं. तिथे १ जानेवारी २०२५ पासून ३० चौरस मीटरपेक्षा लहान जोडबांधकामाला साधारणपणे परवाना लागत नाही. तरी गावाच्या आराखड्यातली अंतरं पाळावीच लागतात. परवाना माफ, अंतर माफ नाही.

अमेरिकेत मात्र झोनिंगवरून मोठी लढाई झाली. ओहायोत क्लीव्हलँडजवळ युक्लिड नावाचं गाव आहे. गावाने कुठे घरं, कुठे कारखाने हे ठरवून टाकलं, तेव्हा ६८ एकर जमीन असलेली एक कंपनी कोर्टात गेली. आमची जमीन, आम्ही काहीही करू, हा तिचा मुद्दा. थोडक्यात, दादाचंच वाक्य. १९२६ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल गावाच्या बाजूने दिला. त्यात म्हटलंय की, कधीकधी वस्तू वाईट नसते, जागा चुकलेली असते. उदाहरण दिलंय गोठ्याऐवजी दिवाणखान्यात आलेल्या डुकराचं. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, माझ्या सॉनाला डुक्कर म्हणू नकोस.

त्याच्या नकाशात अजून एक बॉम्ब होता. मागच्या हद्दीला लागून दहा फुटांची तुटक रेघ, ‘युटिलिटी ईझमेंट’. म्हणजे जमीन तुमची, पण खालून केबल, पाइप नेण्याचा आणि गरज पडली तर खणण्याचा हक्क दुसऱ्याचा. तिथे सॉना बांधला आणि उद्या पाइप दुरुस्तीला माणसं आली, तर तो उचलायचा खर्च तुमच्याच गळ्यात पडू शकतो.

मग त्याने ८११ ला फोन केला. अमेरिकेत खणण्याआधी करायचा हा फोन फुकट आहे. माणसं येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, हिरवा सांडपाणी, केशरी फोन-इंटरनेट. चौथऱ्याच्या बरोबर मधून पिवळी रेघ गेली. फोटो पाहून वहिनी दिवसभर काही बोलली नाही, असं दादा सांगतो.

सूट मागता येते. त्याला व्हेरिअन्स म्हणतात. पण न्यू जर्सीत त्यासाठी २०० फुटांच्या परिघातल्या सगळ्या जागामालकांना सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. म्हणजे पाठ शेकण्यासाठी सगळ्या आळीला आमंत्रण! दादाने तो नाद सोडला. चौथरा बाजूने चार आणि मागून सात फूट आत घेतला. हिरवळीचा मधला तुकडा गेला, जिथे भाची सायकल शिकत होती. यावरून घरात थोडी धुसफूस आहेच.

तुम्ही म्हणाल, आम्ही वन-बीएचकेवाले, आम्हाला काय त्याचं? पुण्यात मी ज्या गल्लीत राहते तिथे एकदा मान वर करून पाहिलं. एका बंगल्याच्या सामासिक अंतरात पत्रा टाकून बाइक्स लावल्यात, दुसऱ्यात वॉशिंग मशीन आहे, तिसऱ्यात चक्क स्वयंपाकघर. अग्निशमनाची गाडी सोडा, पाइप घेऊन माणूस तरी मागे कसा जाणार? आणि आता मुळशी, लोणावळ्याकडे फार्महाऊसवर सॉना बांधायची टूम निघालीच, तर विकास नियंत्रण नियमावली उघडावी लागेल आणि मोजणीची ‘क’ प्रत शोधावी लागेल. घरात ती कुठे ठेवलीये, आज आईबाबांना विचारून बघा. मी विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

कुंपणाचं काय झालं? दादा ते काढून दोन फूट अलीकडे घेणार होता. आजोबा म्हणाले, उन्हाळ्यात बघू, जमीन गोठलीये. तोवर दोघांनी एका कागदावर लिहून सह्या केल्यात की, ते दोन फूट आजोबांचे आहेत. जुन्या चौथऱ्याची खडी अजून कोपऱ्यात पडून आहे. आजोबांनी ती मागितलीये, त्यांना गाडीच्या वाटेवर टाकायचीये.