दुखणारी टाच आणि न दुखणारं पाऊल

सकाळी खाटेवरून उतरून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत कळ जाते. चार पावलं चाललं की ती ओसरते, दुपारी तिचा विसर पडतो आणि संध्याकाळी बसून उठलं की पुन्हा तीच गत. कपाशीच्या शेतात दिवसभर वेचणी करणाऱ्या बायका, फळ्यापुढे उभे राहणारे मास्तर, पोलिस, दुकानातली पोरं, सगळेच ‘टाच दुखून राह्यली’ म्हणत महिनोन्‌महिने रेटत राहतात. घरातले उपाय ठरलेले असतात. गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेक द्यायचा, नाहीतर बिब्ब्याचा चटका. त्यानं भागलं नाही तर औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी. एवढं सगळं होतं, पण पाऊल हातात घेऊन नीट कोणी पाहत नाही.

पहिल्या पावलाची ही कळ बहुधा तळपायातल्या एका चिवट पट्ट्याची असते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला हा पट्टा धनुष्याच्या दोरीसारखा पायाची कमान ताणून धरतो. रात्री तो आखडतो आणि सकाळी अंगाचा भार पडताच टाचेजवळ ओढला जातो. डॉक्टर याला ‘प्लांटर फॅसिआयटिस’ म्हणतात. पूर्वी हा दाह समजला जाई. पण दुखणं जुनं झाल्यावर काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांत दाह जवळपास नव्हता. तंतू झिजलेले, विस्कटलेले होते. म्हणूनच नुसत्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी हे दुखणं हटत नाही. गोळी थांबली की कळ परत येते आणि वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्याच्या जठराला नि मूत्रपिंडाला त्याची किंमत मोजावी लागते. एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या ‘वाढलेल्या हाडा’चंही तसंच. असा काटा टाच कधीच न दुखलेल्या अनेकांच्या पायात असतो. त्याला घाबरून शस्त्रक्रियेकडे धावू नये.

चालण्यानं पाय बिघडतात, हाही एक गैरसमज. विनोबा 1951 मध्ये पवनारहून पायी निघाले ते भूदानाची यात्रा करून 1964 मध्ये परतले. रोजच्या, सवयीच्या भाराशी पाऊल जुळवून घेतं. त्याला सोसत नाही तो एकदम वाढलेला भार: हंगामात अचानक आलेलं काम, थोड्या काळात वाढलेलं वजन, सिमेंटच्या फरशीवर अनवाणी उभं राहणं, झिजलेली पातळ रबरी चप्पल. पोटरी आखडलेली असेल तर तळव्यावरचा ताण आणखी वाढतो.

उपाय साधा आहे, पण चिकाटी मागतो. खाटेवरून उतरण्याआधीच पाय मांडीवर घ्या, बोटं हातानं नडगीकडे ओढा, तळव्यातला पट्टा ताणलेला जाणवला की दहापर्यंत मोजा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून, मागची टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणा. दुखणं थोडं आवरलं की पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहून सावकाश टाचा उचलायच्या, सावकाश खाली न्यायच्या. हा व्यायाम एक दिवसाआड. आपल्याकडे चपला उंबऱ्याबाहेर राहतात, म्हणून घरात वापरायला मऊ टाचेची एक वेगळी जोडी ठेवावी. स्टिरॉइडच्या सुईनं काही आठवडे आराम पडतो. मात्र ती वारंवार घेतली तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, क्वचित पट्टाच तुटतो. दहापैकी आठ-नऊ जणांची टाच वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरी होते. हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं, कारण दोन आठवड्यांत गुण आला नाही की लोक व्यायाम सोडतात.

ही झाली दुखणाऱ्या टाचेची गोष्ट. खरी काळजी दुखायचं थांबलेल्या पावलाची, आणि ती वर्ध्याइतकी जवळून फार थोड्या जिल्ह्यांनी पाहिली आहे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली. सेवाग्राम आश्रमात कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत. 1951 मध्ये गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानाचं काम वर्ध्यातून सुरू झालं आणि कार्यकर्ते घरोघर जाऊन माणसं तपासू लागले. पुढे 1980 च्या दशकात कुष्ठरोगावरचा बहुऔषधोपचार देशात प्रथम ज्या मोजक्या जिल्ह्यांत आला, त्यांत वर्धा होता.

कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असं पूर्वी सर्रास मानलं जाई. वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की तसं नसतं. जंतूंमुळे घोट्याच्या आतल्या बाजूची नस निकामी होते आणि तळव्याची जाणीव जाते. मग खडा टोचला, चप्पल चावली, फोड आला तरी माणूस त्याच जागी भार देत चालत राहतो. पाऊल नासतं ते या न कळलेल्या दुखापतींनी. त्यातूनच मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला आल्या. भार सगळ्या तळव्यावर विभागला की जखमा भरू लागतात.

आज हीच बधिरता मधुमेह घेऊन येतो. आधी रात्री तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, आणि मग एक दिवस आग थांबते. घरच्यांना वाटतं, बरं झालं. प्रत्यक्षात नस मेलेली असू शकते. अशा पायाला गरम विटेचा शेक किंवा बिब्ब्याचा चटका दिला तर भाजलेलं कळतही नाही, आणि त्या व्रणातून पुढे बोट, कधी पाऊल गमवावं लागतं. ब जीवनसत्त्वांपैकी बी-12 च्या कमतरतेनंही आग आणि बधिरता येते. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती वेळीच तपासावी.

आणखी काही दुखणी ओळखून ठेवावीत. विडी ओढणाऱ्या तरुणाला चालताना तळव्यात पेटके येतात आणि थांबलं की जातात, तेव्हा रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. तिथे विडी कायमची सोडणं हाच मुख्य उपचार. विशी-तिशीतल्या माणसाच्या टाचेबरोबर पहाटे कंबरही आखडत असेल तर सांध्यांचा आजार असू शकतो. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, त्यामुळे तान्ह्या मुलाची पावलं आणि हात एकाएकी सुजून दुखू लागले तर मालिश करत बसू नये, रक्त तपासून घ्यावं.

तळव्याची जाणीव तपासायला महागडं यंत्र लागत नाही. नायलॉनचा एक ठरावीक जाडीचा धागा दहा ग्रॅम दाबानं वाकतो. डोळे मिटलेल्या रुग्णाच्या तळव्यावर तो टेकवायचा. तो वाकेपर्यंत दाबूनही कळलं नाही, तर त्या पायाला धोका आहे. दोन मिनिटांचं हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रात सहज होण्यासारखं आहे आणि ते व्हायलाच हवं.

मधुमेह असेल, अंगावर बधिर चट्टा असेल किंवा पाय तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल, तर डॉक्टरांपुढे चपला काढा आणि दोन्ही पावलं तपासायला सांगा. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा निघाला, तरी त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतो, आणि नस अधू होऊन सहा महिने उलटण्याआधी आलेल्या रुग्णाची जाणीव परतण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.